रुग्णशय्येपाशी साक्ष

प्रश्न : मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. प्रत्येक विश्वासणाऱ्याने कामाच्या ठिकाणी सुवार्ता सांगितलीच पाहिजे, असे आमचे पाळकसाहेब उपासनेत वारंवार सांगतात. रुग्णांशी बोलावे असे मलाही वाटते, पण मन कचरते. मी काय करावे?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे मन कचरते म्हणून आपला विश्वास दुबळा आहे, असे मुळीच समजू नका. साक्षीच्या, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याच्या, संदर्भात बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील ज्या वचनाचा (३:१५) आधार घेतला जातो, त्यात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध राहा, असे सांगितले आहे आणि ते उत्तर सौम्यतेने द्यावे, असेही लगेच जोडले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय ८) फिलिप्प रथाजवळ धावत गेला खरा. परंतु इथिओपियाच्या अधिकाऱ्याने त्याला शेजारी बसवून घेऊन यशयाच्या वचनाचा अर्थ विचारला, तेव्हाच त्याने येशूची सुवार्ता सांगितली.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. रुग्ण तुमच्यावर अवलंबून असतो. तुमचे बोलणे नको असले तरी तो उठून जाऊ शकत नाही, आणि नाही म्हटले तर आपल्याकडे दुर्लक्ष होईल, ही भीती त्याच्या मनात येऊ शकते. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन ही मुख्यतः हिंदू विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा सुरू केली आणि पुढे ती पुण्यास नेली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यावरून वाद पेटला व १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी आपला विश्वास लपवला नाही, हे योग्यच झाले, असे माझे मत आहे. तथापि ज्या मुलींचे अन्न आणि आसरा त्यांच्या हाती होता, त्यांच्या पालकांची काळजीही निराधार नव्हती.

म्हणून कामावर असताना पत्रके वाटू नका आणि आपण होऊन धर्माचा विषय काढू नका. रुग्णाची सेवा हे सुवार्तेचे आमिष नव्हे. तो कोणत्याही धर्माचा असो, त्याची सेवा ही स्वतःच ख्रिस्ताची आज्ञा आहे. रुग्णासाठी मनात प्रार्थना करण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. एखाद्याने आपणहून विचारलेच, तर मौन पाळू नका. येशूने तुमच्यासाठी काय केले, ते दोन वाक्यांत खरेपणाने सांगा आणि तेथेच थांबा. अधिक जाणून घेण्याची त्याची इच्छा असेल, तर तो घरी गेल्यावर, तुमच्या हाती त्याचे औषधपाणी नसताना, सविस्तर बोलता येईल. शेजारी, मैत्रिणी आणि सहकारी यांच्याशी बोलताना ही अडचण नसते. तेथे तुम्ही मोकळेपणाने बोलावे, उपासनेचे निमंत्रणही द्यावे. पाळकसाहेबांनाही हा फरक समजावून सांगा.