हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉनी टो यांच्या 'इलेक्शन २' चं समीक्षकांनी एवढं कौतुक का केलं? मला तर तो पहिल्या भागापेक्षा कोरडा वाटला.

कोरडा आहे, मान्य. पण तो कोरडेपणा टोने ठरवून आणलाय आणि जाणत्या समीक्षकांनी कौतुक केलं ते त्याचंच. एवढ्यावर थांबले असते, पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की 'हाँगकाँग आणि चीनचं राजकारण हे समीक्षकांनी मागाहून चिकटवलेलं आहे, मुळात हा टोळ्यांच्या मारामारीचा सिनेमा.' हे वाक्य मी भर सभागृहात ऐकून घेतलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पुरस्कारांचा हिशोब मांडला तर पहिला भाग पुढे आहे. २००५ साली तो कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता आणि २००६ च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनेता हे मोठे पुरस्कार त्याने नेले. दुसरा भाग २००६ मध्ये कानला गेला तो स्पर्धेबाहेर, आणि पुढच्या वर्षी घरच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला पॅट्रिक टॅमचा 'आफ्टर धिस अवर एक्झाइल'. तरीही दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा किंवा सरस मानणारे समीक्षक कमी नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. दोन्ही भागांत गोष्ट एका ट्रायडची, म्हणजे हाँगकाँगच्या गुन्हेगारी संघटनेची, आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या तिच्या अध्यक्षनिवडीची. पहिल्या भागात अध्यक्षपदासाठी आरडाओरडा करणारा टोनी लेउंग का-फायचा बिग डी आहे. त्याला पाहताना मजा येते, पुरस्कारही अशाच कामाला मिळतात. दुसऱ्या भागात मजा येईल असं कोणीच नाही. लुई कूचा जिमी हिशोबी, गप्प, कायम कामात. लुई कूला तोवर बरेच जण देखणा चेहरा म्हणूनच धरत होते. ही भूमिका पाहून अनेकांना मत बदलावं लागलं.

आता सभागृहाचं. मी कोल्हापूरची. आमची छोटी फिल्म सोसायटी आहे. एकदा निवड माझ्याकडे आली आणि मी हे दोन्ही भाग लागोपाठच्या दोन रविवारी लावले. आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, त्यांना ते आधीपासून खटकत होतं. "टोळ्यांचे सिनेमे मुंबईत काय कमी झालेत, की चिनी आणायचे? आणि तुम्ही निवडायचे?" यातल्या 'तुम्ही' वर किती जोर होता ते लिहून दाखवता येणार नाही, पण खोलीतल्या प्रत्येक बाईला तो कळला.

पहिला रविवार झकास गेला. संघटनेचे म्हातारे काका चहा पीत बसलेत, दोन वर्षांसाठी अध्यक्ष कोण यावर खल चाललाय, कोणाची पाकिटं कोणाकडे पोचली त्याची कुजबुज आहे, आणि वाँग टिन-लामचे अवाढव्य अंकल टेंग सगळ्यांना शांतपणे एका बाजूला वळवतायत. (हा वाँग टिन-लाम स्वतः जुना दिग्दर्शक. चेहऱ्यावर ती जरब आयती होती.) तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हे तर आमच्या कारखान्याचंच चाललंय की ओ!" अख्खं सभागृह हसलं. त्या गृहस्थांनी एकाही परदेशी समीक्षकाचं नाव ऐकलेलं नव्हतं. साखर कारखान्याचा चेअरमन बिनविरोध कसा होतो हे माहीत असलेला माणूस तो प्रसंग बरोबर ओळखतो. मग राजकारण चिकटवलं कोणी?

दुसऱ्या रविवारी मात्र कुत्र्यांचा प्रसंग आला. लॉक म्हणजे पहिल्या भागात निवडून आलेला आणि आता खुर्ची न सोडणारा अध्यक्ष. त्याची माणसं जिमीच्या ताब्यात आहेत, कुत्र्यांच्या पिंजऱ्यांजवळ कोंडलेली. जिमीला त्यांनी लॉकवर उलटायला हवंय. त्यातला एक मेल्यावर जिमी सुरा स्वतःच्या हातात घेतो. कॅमेरा बराच वेळ त्याच्यावर थांबतो. तुकडे, मग खिम्याचं यंत्र, मग तो खिमा कुत्र्यांपुढे, आणि हे सगळं उरलेल्यांच्या डोळ्यांदेखत. संगीताचा भपका नाही, रागाचा आवेश नाही. एक काम उरकायचंय, तो उरकतो. आमच्याकडे बरेच जण उठून बाहेर गेले आणि सर सिनेमा संपायची वाट न पाहता दारातूनच म्हणाले, "हे कलात्मक आहे म्हणे!"

संपल्यावर ते परत आले, माइक घेतला आणि निवाडा दिला: हिंसा विकायची आणि वर राजकीय रूपकाचा मुलामा द्यायचा, तो मुलामाही युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांचा. मी बोलायला उभी राहिले, दोन वाक्यं झाली, आणि हॉलची वेळ संपली म्हणून दिवे लावले गेले. ती दोन वाक्यं पुढे न्यायची राहिली आहेत, ती आता नेते.

शेवटचा प्रसंग आठवा. जिमीला टोळी नकोच होती. त्याला चीनमध्ये धंदा करायचाय, जमीन विकसित करायचीय, पोरं डॉक्टर किंवा वकील व्हायला हवीत. चिनी सुरक्षा खात्याचा अधिकारी त्याला आधी सांगतो की इकडे धंदा हवा असेल तर तिकडे अध्यक्ष हो. एकदाच, दोन वर्षांसाठी, अशी मनाची समजूत घालून जिमी उभा राहतो आणि त्यापायी पिंजऱ्यातलं ते सगळं करतो. शेवटी तोच अधिकारी, उघड्या माळावर, आवाज न चढवता सांगतो की आता निवडणुका बस झाल्या, अध्यक्षपद तुझ्याच घरात राहू दे, म्हणजे हाँगकाँग शांत राहील. जिमी त्याला ठोसे मारत सुटतो. अधिकारी उलट हात उचलत नाही, शब्दही मागे घेत नाही. ज्या माणसाने खिम्याचं यंत्र चालवलं त्याचं इथे काहीही चालत नाही. पिंजऱ्याचा प्रसंग कापा आणि बघा, ते ठोसे एका चिडलेल्या बिल्डरचे वाटतील. तो प्रसंग आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणूनच समोरच्या माणसामागे किती मोठी ताकद उभी आहे ते पोटात जाणवतं. हिंसा आणि राजकारण इथे वेगळं काढताच येत नाही. तुम्ही म्हणता तो कोरडेपणाही इथलाच: जिमीची दया यावी म्हणून टो एक क्षणही खर्च करत नाही.

हाँगकाँगच्या प्रेक्षकाला हे सांगायला समीक्षक लागतच नव्हता. १९९७ ला शहर चीनकडे गेलं. शहराचा मुख्य प्रशासक निवडायला तेव्हा आठशे जणांची समिती होती. २००२ मध्ये तुंग ची-ह्वा बिनविरोध, २००५ मध्ये त्यांनी मुदतीआधी राजीनामा दिल्यावर डोनाल्ड त्सांग बिनविरोध. ट्रायड टोळ्यांतही देशप्रेमी लोक आहेत असं चीनचे सार्वजनिक सुरक्षा मंत्री ताओ सिजू १९९३ सालीच जाहीरपणे बोलून गेले होते. हे सगळं माहीत असलेल्या माणसासमोर त्या अधिकाऱ्याचं बोलणं रूपक म्हणून येत नाही, सरळ अंगावर येतं.

'गॉडफादर' च्या दुसऱ्या भागाशी तुलना योग्य का, हेही तुम्ही विचारलंय. ही तुलना बऱ्याच परीक्षणांत सापडते आणि मला ती आळशी वाटते. सभ्य धंद्यात जायची इच्छा असलेला, थंड होत गेलेला तरुण, इतकं साम्य आहे. पण मायकेल कॉर्लिओनीची शोकांतिका घरातली आहे, भावाची, बायकोची. जिमीची वाट सरकारने अडवलीय. तुलनाच करायची तर हाँगकाँगच्याच १९८६ च्या 'अ बेटर टुमॉरो' शी करा. तिथे भाईचारा, शब्दाला जागणं, दोन्ही हातांत पिस्तुलं. टोने ते सगळं काढून टाकलं. पहिल्या भागात एकही गोळी सुटत नाही, माणसं काठ्या, कोयते आणि दगडांनी मरतात, आणि भाऊ म्हणून शपथ घेतलेलेच एकमेकांना संपवतात. आपल्याकडच्या टोळीपटांवर माझा राग आहे तो इथेच. शेवटी डॉनसाठी टिपं गाळायला लावल्याशिवाय आपल्याला राहवत नाही.

परीक्षणं वाचताना एक ध्यानात ठेवा. अमेरिकेत २००७ मध्ये 'ट्रायड इलेक्शन' या नावाने थिएटरात लागला तो दुसरा भाग. पहिला न बघता हा बघितला तर लॉक नुसता खलनायक दिसतो. पहिल्या भागाच्या शेवटी, मासे धरायला गेलेले असताना, त्याने काय केलं आणि पोराने ते कसं पाहिलं हे माहीत नसेल तर दुसऱ्या भागातली बाप-लेकाची सगळी दृश्यं वाया जातात. तुम्ही दोन्ही भागांत मोठी गॅप घेतली असेल तर कोरडेपणाच्या तक्रारीचं अर्धं कारण तेही असेल. नावं विसरतात, कोण कोणाचा हे विसरतं, मग नुसते खून उरतात.

दोष आहेत. जिमीच्या बायकोला लेखकांनी जवळजवळ काहीच दिलेलं नाही, आणि मधली कटकारस्थानं इतक्या वेगाने जातात की एकदा पाहून सगळी लागत नाहीत. पिंजऱ्याचा प्रसंग सोसत नसेल तर उठून जाण्यात काही गैर नाही. आमच्याकडे गेले त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो न बघता निवाडा देण्यावर. तुमच्या गावात सोसायटी असेल तर एवढं करा: सिनेमा संपल्यावर माइक आधी मागच्या रांगेला द्या आणि ज्येष्ठांना शेवटी बोलू द्या. आणि कोणी 'हे समीक्षकांनी चिकटवलंय' म्हणालं तर विचारा, मग जिमी त्या अधिकाऱ्याला मारून का टाकत नाही? सुरा चालवायची त्याला सवय आहे, आसपास कोणी अडवणारंही नाही.

कथा बरीच उघड केली आहे, पण तुम्ही पाहिलेला आहे म्हणूनच. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी दोन्ही भाग एकाच शनिवार-रविवारी पाहावेत, मिळून साधारण सव्वातीन तास होतात. मुलं घरात नसताना लावा. हाँगकाँगमध्येही दोन्हींना 'कॅटेगरी ३' होतं, म्हणजे अठराच्या आतल्यांना प्रवेशच नव्हता.