कार्ड आहे, तरी गोळ्यांचं बिल का?

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. तिचं आयुष्मान कार्ड काढलं, पण मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे दर महिन्याला आमच्याच खिशातून जातात. मग या कार्डाचा उपयोग काय?
– एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, कार्ड उपयोगाचंच आहे, जपून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची गोळी त्यात बसत नाही, आणि माझं भांडण नेमकं इथंच आहे.

भोर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं काढली. केंद्रातल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की पेशंट घरीच बसायचे. त्यातलाच एखादा पुढे अर्धांगवायू होऊन पुण्याच्या ससून रुग्णालयात पोचायचा. स्वस्तातली गोळी चुकली आणि घर कर्जात गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकू नये, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच मांडलं. (समिती सर जोसेफ भोर यांची, तालुक्याची नव्हे.) २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ म्हटलं होतं. तो नेला नाही.

तूर्तास आईंना जवळच्या महापालिका दवाखान्यात न्या. गोळ्या तिथे नसतील तर चिठ्ठीवर घटकद्रव्याचं नाव लिहून घ्या आणि स्वस्त जेनेरिक औषधं देणाऱ्या सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रात विचारा. नगरसेवक दारात आले, की गोळ्यांच्या बिलाचा हा प्रश्न त्यांनाही विचारा.