नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, आता कॉम्प्युटर उठत नाही

चतुर्थीच्या सवलतींत घेतलेली ग्राफिक्स कार्डे घरी पोचली आणि पाठोपाठ पत्रे यायला लागली. गावे वेगळी, तक्रार एकच: कार्ड बसवले, बटण दाबले, पडदा काळा. कार्डाचे नाव, मेमरी, किंमत सगळ्यांनी लिहिली आहे. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा कोणता, हे मात्र एकानेच कळवले. म्हणून निवडक उत्तरे एकत्रच देतो.

प्रश्न : पंखे फिरतात, कार्डावरचे दिवेही लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. कार्ड खराब आले का? (विद्यार्थिनी, साखळी)

मॉनिटरची केबल बहुधा अजून मदरबोर्डाच्या सॉकेटात आहे. ती कार्डाच्या सॉकेटात लावा.

प्रश्न : मदरबोर्डावर 'व्हीजीए' लिहिलेल्या जागी दिवा लागून राहतो. जुने कार्ड लावले की सगळे ठीक चालते. व्हिडिओत पाहून बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) बॅटरीही काढून बघितली. (म्हापसा)

सुरू होताना बोर्ड प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क एकेक करून तपासतो. जिथे उत्तर मिळत नाही तिथला दिवा लागून राहतो. तुमच्याकडे कार्ड उत्तर देत नाही एवढेच त्यावरून कळते. ते मेले आहे असे नाही. प्लग भिंतीतून काढा, कार्ड बाहेर घ्या आणि स्लॉटची खिट्टी 'टक्' करेपर्यंत सरळ दाबून बसवा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने एका बाजूने खाली झुकते, म्हणून एकदा कॅबिनेट आडवे ठेवून चालू करून पाहा. मग वीज देणारा कनेक्टर बघा. प्रोसेसरचा आठ पिनांचा आणि कार्डाचा आठ पिनांचा लांबून सारखेच दिसतात, पण पहिला चार अधिक चार असा फुटतो आणि दुसरा सहा अधिक दोन. जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा आहे.

बॅटरी काढल्याने बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. डीडीआर-५ रॅमच्या बोर्डावर त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून बटण बंद करू नका. एवढे करूनही दिवा हलला नाही, तर पुरेशी वीज असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरात जाणकाराकडून कार्ड लावून घ्या. तिथेही चालले नाही तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.

प्रश्न : आरटीएक्स ३०६० घेतले. बटण दाबले की पंखा अर्धा सेकंद फिरतो आणि सगळे बंद. कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळाला होता. कार्डासाठी त्यात केबल नव्हती, म्हणून दुकानदाराने दोन साटा (डिस्कला वीज देणारे) कनेक्टर जोडणारा अडॅप्टर दिला. 'बिनधास्त चालेल' म्हणाला. (फोंडा)

कॉम्प्युटर पुन्हा चालू करू नका. प्लग काढूनच पुढचे वाचा.

फुकट एसएमपीएस ही या बाजारातली सर्वांत महाग पडणारी वस्तू आहे. डब्यावर ठळक छापलेला ४५० हा आकडा वाचायचा नसतो. बाजूला चिकटवलेला बारीक अक्षरांचा तक्ता वाचायचा, आणि त्यातही '+१२ व्होल्ट' या रकान्याखालचे अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर यांना लागणारी जवळजवळ सगळी वीज तिथूनच येते. समजा तिथे १६ अँपिअर लिहिले आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळी धरून फुगवलेला असतो. तुमच्या कार्डाची गरज १७० वॅट, साधारण प्रोसेसरची ६५ ते ८०. बेरीज १९२ च्या पुढे गेली, हिशेब इथेच संपला. शिवाय आधुनिक कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारते. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने असे क्षणिक झटके सोसावेत अशी अट घातली गेली. तुमचा एसएमपीएस झटका येताच स्वतःला बंद करतो, हे तुमचे नशीब. असे संरक्षण नसलेले एसएमपीएस बंद होत नाहीत, जळतात आणि जाताना बोर्डालाही नेतात.

आता तो अडॅप्टर. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या कनेक्टरवरून आणखी ७५, आठ पिनांच्या कनेक्टरवरून १५०. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना साडेचार अँपिअरसाठी बनवलेल्या असतात, म्हणजे ५४ वॅट. दोन जोडले तरी १०८ होतात, आणि कार्ड त्या तोंडातून १५० मागू शकते. वितळून काळे पडलेले असे अडॅप्टर मी स्वतःच्या हातांनी कॅबिनेटांतून काढले आहेत. घरात माणसे झोपलेली असताना आत प्लास्टिक वितळत होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. एसएमपीएसमध्ये कार्डाची केबलच नाही, याचा अर्थ तो अशा कार्डासाठी बनवलेलाच नाही.

एसएमपीएसवरचा '८० प्लस' हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, तो सुरक्षिततेचा दाखला नाही. हे विक्रेता सांगत नाही. कार्ड बनवणाऱ्याने त्या कार्डासाठी ५५० वॅट सुचवले आहेत. तेवढ्याचा, १२ व्होल्टवर जवळपास पूर्ण शक्ती देणारा आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्या. घेण्याआधी तुमच्या सगळ्या भागांची यादी जाणकाराला दाखवा. तो बसवताना बोर्ड शाबूत आहे का, हेही तपासून घ्या.

प्रश्न : मुलाने नवा मोड्यूलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस आणला, पण आतल्या जुन्या केबल तशाच ठेवून त्यालाच जोडल्या. आता एसएसडी दिसतच नाही. त्यात घरचे सगळे फोटो आहेत. (गृहिणी, मडगाव)

केबलचे एसएमपीएसकडचे टोक कोणत्याही मानकाने बांधलेले नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांची मांडणी बदलू शकते. केबल नीट बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जातात. एसएसडी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघण्याचा मोह टाळा, कोणाला घरी उघडूही देऊ नका. अशा प्रसंगी पुष्कळदा वीज घेणारा भाग जळतो आणि मेमरीच्या चिप शाबूत राहतात, पण ते डेटा परत काढणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवायचे. मुलाला रागावू नका. जुन्या केबल मात्र घरात ठेवू नका.

प्रश्न : पावसात कार्डाला दमट हवा लागली असेल, तर तांदळाच्या डब्यात ठेवू का? (वास्को)

नको, तांदळाचा कोंडा स्लॉटमध्ये जातो.

प्रश्न : कार्यालयातून निघालेला चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला. नवे कार्ड लावले की बीप येतात, काढले की चालतो. मित्र म्हणतो, सीएसएम बंद कर. (डिचोली)

मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. नवी कार्डे यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने सुरू होण्यासाठी बनलेली असतात आणि जुने बोर्ड सीएसएममधून, म्हणजे जुनी पद्धत चालू ठेवणाऱ्या बायोसमधल्या सोयीतून, चालवलेले असतात. पण विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर मांडणीवर असेल, तर सीएसएम बंद करताच तेही उठणार नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन ती मांडणी बदलून नवी जीपीटी मांडणी करण्यासाठीच दिलेले आहे. आधी बॅकअप घ्या. डिस्कला कुलूप लावणारे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बायोसला हात लावल्यावर ती मागितली जाऊ शकते. बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसवरच करा. पावसाळ्यात मधेच वीज गेली तर बोर्ड जाऊ शकतो. अशा मशीनचा एसएमपीएस बऱ्याचदा लहान असतो आणि त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, म्हणून फक्त स्लॉटच्या ७५ वॅटवर चालणारे कार्ड तिथे शोभते. मॉडेल क्रमांक सांगून आधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारा.

प्रश्न : कार्ड लावताना कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. घर जुने चिरेबंदी आहे. शेजारचे काका म्हणाले, लाकडी पाटावर उभा राहा. (बारावी, पेडणे)

बाळा, पाटावर उभा राहून काम करू नकोस. आतापासून त्या सॉकेटला काहीही लावू नकोस. अर्थिंग नसले की एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मे, म्हणजे शंभराच्या वर व्होल्ट येतात. प्रवाह थोडा असतो म्हणून फक्त मुंग्या येतात, पण आत दुसरा बिघाड झाला तर जीवाला धोका आहे. जांभ्या दगडाची जमीन वीज चांगली वाहून नेत नाही. पावसात ओली असते तेव्हा बरी, मे महिन्यात कोरडी पडली की अर्थिंग आणखी कमजोर. बऱ्याच जुन्या घरांत तर तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. आईवडिलांना आजच सांग. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजून घ्या, ते सुधारा आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवा. कार्ड त्यानंतर.

प्रश्न : कार्ड दुसऱ्या मशीनवरही चालत नाही. दुकानदार म्हणतो, दिवाळीनंतर कंपनीकडे पाठवू. (काणकोण)

दिवाळीपर्यंत बदलून देण्याची मुदत संपेल. आजच बिल, सिरीयल क्रमांक आणि काळ्या पडद्याचा व्हिडिओ जोडून लेखी तक्रार द्या, त्याची पोच घ्या आणि कंपनीच्या वॉरंटी केंद्रालाही थेट कळवा. दुकानदाराने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.