कापडात मढवलेले दगड आणि झाडे

प्रश्न : नदीकाठचे गुळगुळीत दगड जुन्या सुती साडीच्या कापडात हाताने शिवून मढवण्याचा मला छंद आहे; परंतु फुगीर भागावर कापडाला चुण्या पडतात. त्या कशा टाळाव्यात? अंगणातल्या आंब्याचे खोडही असेच मढवले तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोष तुमच्या टाक्यांचा नाही. सपाट कापड गोलाईवर दुमडल्यावाचून बसतच नाही, म्हणून ते तुकड्यांतच बेतावे लागते. दगडावर पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवावा, त्यावर पाकळ्यांसारखे भाग आखून त्यांना क्रमांक द्यावेत आणि रेषांवर कापून निघालेल्या कागदी तुकड्यांवरून, पाव इंच माया (शिवणीसाठीची जादा कड) सोडून, कापड उरेब कापावे. उरेब कापडात उभे-आडवे धागे तिरके येत असल्याने ते ताणले जाऊन वळणावर बसते. सरळ कापलेले कापड तसे बसत नाही. तुकडे उलट्या टिपेने जोडावेत. शेवटची शिवण मात्र दगडावरच मिटवावी लागते. तेथे टाका दोन्ही कडांच्या घडीतून आलटून-पालटून नेला की तो दिसत नाही. साडी फार विरलेली असेल तर आतून मलमलीचे अस्तर द्यावे.

मोठ्या प्रमाणावर हेच काम ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलावंत दांपत्याने केले. 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळच्या रीहेन येथे त्यांनी 178 झाडे सुमारे 55,000 चौरस मीटर पॉलिस्टर कापडात गुंडाळून दोरखंडांनी बांधली. कापड सर्व झाडांना सरसकट एकाच मापाचे नव्हते, तर प्रत्येक झाडासाठी वेगळे बेतून शिवलेले होते, आणि आतल्या फांद्यांनी ते बाहेर ढकलल्यामुळेच प्रत्येक झाडाला आपापला आकार आला. माझ्या मते त्या कामाचे खरे सौंदर्य या बेतण्यात आहे, दोरखंडांच्या लांबीत नव्हे (ती मात्र तेवीस किलोमीटर भरली!).

त्यांचे उदाहरण तुमच्या आंब्याला तसेच लावता येणार नाही. ते प्रदर्शन नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, थोड्याच आठवड्यांपुरते होते आणि जपानमध्ये झाडांना हिमापासून जपण्यासाठी वापरतात तसले कापड त्यासाठी निवडले होते. आपल्याकडे सुती आच्छादन पावसाळ्यात ओले राहते, त्याखाली साल कुजू शकते आणि किडींना आसरा मिळतो. शिवाय खोड जाड होत असताना घट्ट शिवण सालीत रुतून अन्नरसाचा मार्ग अडवते. हौस करायचीच असेल तर कोरड्या हिवाळ्यात, सैल शिवून, काही दिवसांपुरती करावी. कायमच्या कामासाठी छाटणीत निघालेली, पूर्ण वाळलेली फांदी घ्यावी.