रिडबर्ग अणू दिसत नाही, मग सापडतो कसा?

प्रश्न : रुबिडियमच्या अतिशीत वायूत एखादाच अणू खूप वरच्या पातळीवर उत्तेजित केला, म्हणजे रिडबर्ग अणू बनवला, तर तो कुठे आहे हे कसं शोधतात? आयनीकरण करून मोजणं सोपं नाही का?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मोजण्यापुरतं सोपं आहेच. मुख्य क्वांटम अंक, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पातळीचा क्रमांक, १०० असला की सेंटीमीटरला साडेतीन व्होल्टच्या आसपासचं विद्युतक्षेत्रही बाहेरचा इलेक्ट्रॉन तोडतं. पण अणू हातचा जातो, आणि साधा डिटेक्टर नुसती संख्या सांगतो, जागा नाही. थेट फोटोही निघत नाही. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात ते तळपातळीतले अणू. उत्तेजित अणू त्याला दादच देत नाही.

म्हणून शेजाऱ्यांकडे चौकशी करायची. ७८०चा क्षीण आणि ४८०चा जोरदार असे दोन लेसर एकत्र सोडले, की उत्तेजनाच्या दोन वाटा एकमेकींना खोडतात आणि ढग ७८०ला पारदर्शक होतो. उत्तेजित अणूजवळच्या अणूंची वरची पातळी मात्र सरकते. त्यांच्यापुरता ४८०चा लेसर जुळेनासा होतो, पारदर्शकता मोडते आणि काही मायक्रोमीटरचा काळा ठिपका उमटतो. घनमायक्रोमीटरला एक अणू असेल, तर ३ मायक्रोमीटर त्रिज्येत ११० अणू येतात. एकाची खूण शंभर जण देतात. हायडेलबर्गच्या गटाने २०१३मध्ये याच युक्तीने उत्तेजित ऊर्जा अणूंमधून कशी सरकते ते टिपलं.

बिघडतं ते बहुधा ७८०च्या तीव्रतेवर. ती वाढवली की शोधक अणू, म्हणजे खूण देणारे हे शेजारी, स्वतःच वर चढतात, एकमेकांची पातळी सरकवतात आणि अख्खा ढग काळवंडतो. आधी उत्तेजित अणू न घालता पारदर्शकता तपासा. तीव्रतेबरोबर शोषण वाढताना दिसलं तर प्रकाश कमी करा. शोधकासाठी तुलनेने खालची पातळी निवडा, कारण अणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण-प्रतिकर्षण क्वांटम अंकाच्या अकराव्या घाताने वाढतं. एक्स्पोजर लांबवण्याचा मोहही नको : दर फोटॉनमागे रुबिडियमला सेकंदाला ६ मिलिमीटरचा धक्का बसतो, ठिपका पसरतो.

दुसरी खोड भटक्या विद्युतक्षेत्राची. काचेवर साचलेलं रुबिडियमही त्याला पुरतं. ध्रुवणीयता, म्हणजे क्षेत्राने अणू किती ताणला जातो ते, क्वांटम अंकाच्या सातव्या घाताने वाढते. १००एस पातळीला (क्वांटम अंक १००) सेंटीमीटरला १० मिलिव्होल्टनेच रेषा, म्हणजे उत्तेजनाला लागणारी वारंवारता, ०.३ मेगाहर्ट्झ सरकते, १०० मिलिव्होल्टने ३० मेगाहर्ट्झ. इलेक्ट्रोडचा व्होल्टेज बदलत रेषेची जागा नोंदवा, आलेख परवलय येतो. त्याच्या शिरोबिंदूवर थांबा आणि तेच तिन्ही दिशांना करा.

प्रश्न : बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटमध्येही, म्हणजे सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत गेलेल्या अतिशीत वायूतही, हे चालतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथे खेळ वेगळा. घनमायक्रोमीटरला १०० अणू म्हणजे इलेक्ट्रॉनच्या कक्षेतच इतर अणू सापडतात. त्यांना धडकत इलेक्ट्रॉन फिरतो, आणि उत्तेजनाची रेषा लाल (कमी वारंवारतेच्या) बाजूला सुमारे १० मेगाहर्ट्झ सरकते. ही सरकच खूण. स्टुटगार्टमध्ये २०१३ साली क्वांटम अंक २०२पर्यंत नेला. तिथे कक्षेची त्रिज्या चारेक मायक्रोमीटर होते, जवळजवळ कंडेन्सेटएवढी. एकाच कंडेन्सेटमध्ये पुन्हापुन्हा एकेक अणू उत्तेजित केल्यावर त्याचा सगळा आकारच हेलकावे घेऊ लागला.