बाल्कनीतली तांबडी भाजी आणि घरातली मुले

प्रश्न : आम्ही पणजीत फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत सकाळी चारेक तास ऊन असते. पाच वर्षांच्या मुलीसोबत काय पेरावे?

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. एवढ्या लहान मुलांना फार वाट पाहायला लावू नये, आणि ही चार-पाच दिवसांत उगवते, महिनाभरात काढणीला येते. वीतभर खोलीचा पसरट ट्रे पुरे. तळाला भोके मात्र हवीतच. आपली जांभ्याची माती नुसती वापरली तर वाळून दगडासारखी होते, म्हणून निम्मे शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. बी मोहरीहून बारीक, काळे, चकचकीत असते. ते कोरड्या वाळूत मिसळून मुलीच्या मुठीत द्या आणि तिलाच भुरभुरू द्या. नुसते बी दिले तर सगळे एका कोपऱ्यात पडते. वर मातीचा अगदी पातळ थर, आणि पाणी हलक्या हाताने शिंपडून. रोपे बोटभर झाली की दाटी विरळ करा. उपटलेली कोवळी रोपे त्याच दिवशी कांदा-खोबरे घालून परता. आपल्या हाताने उपटलेली भाजी मूल निदान चाखून तरी बघते.

प्रश्न : फोंड्याला आमची गच्ची आहे. जूनमध्ये लावलेली पालेभाजी दरवर्षी कुजते. काय चुकते?

फक्त वेळ चुकते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या माऱ्यात कोवळी पालेभाजी टिकत नाही. पावसाळ्यात काकडी, दोडकी, पडवळ मांडवावर चढवा आणि भेंडी लावा. सांत इस्तेव गावच्या सात शिरांच्या भेंडीचे बी मिळाले तर सोडू नका. झाड उंच जाते, म्हणून मोठी कुंडी आणि काठीचा आधार द्या. पहिली भेंडी आडवी कापून मुलांना शिरा मोजू द्या, बाजारातल्या पाच शिरांच्या भेंडीशेजारी ठेवून. पालेभाज्या, मुळा आणि वांगी चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर), पाऊस ओसरल्यावर.

प्रश्न : मडगावहून विचारते. आठ वर्षांचा मुलगा दोन दिवस पाणी घालतो, मग विसरतो. शेवटी मीच घालते. चालेल ना?

नाही चालणार, ताई. एक कुंडी त्याच्या नावाची ठेवा आणि तिला गुपचूप पाणी घालू नका. तिच्यात काय लावायचे हेही त्यालाच ठरवू द्या, तुम्हाला पटले नाही तरी. रोपाने मान टाकली की त्याला हाक मारून दाखवा. वेळीच पाणी मिळाले तर ते बहुतेकदा थोड्या वेळात ताठ होते, आणि हे मुलाने स्वतः पाहायला हवे. उलट काही मुले दिवसातून तीनदा पाणी ओततात. त्यांना बोट मातीत खुपसायला शिकवा. ओल लागली तर आज पाणी नाही.

प्रश्न : चवळीवर काळा मावा (बारीक किडे) पडलाय. औषध मारू का?

मुले हात लावतात तिथे रासायनिक औषध मुळीच नको. शेंडे पाण्याच्या धारेने धुवा. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा, ते मावा खातात.