वाचकांचे प्रश्न : तपासाला दोघं

अगाथा ख्रिस्तीची टॉमी-टपेन्स मालिका मधूनच वाचली तर चालेल का? (सातारा)

ख्रिस्ती एरवी कुठूनही वाचता येते, ही जोडी मात्र क्रमानेच वाचा, कारण हे दोघं पुस्तकागणिक वयाने वाढत जातात. १९२२ च्या ‘द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी’त ते बेकार, रिकाम्या खिशाचे तरुण आहेत, १९४१ च्या ‘एन ऑर एम?’मध्ये जुळ्यांचे आईबाप. १९७३ च्या ‘पोस्टर्न ऑफ फेट’मध्ये आजी-आजोबा. डिटेक्टिव्ह एजन्सी चालवतात ती १९२९ च्या ‘पार्टनर्स इन क्राइम’ या कथासंग्रहात. तिथे ते त्या काळच्या गाजलेल्या गुप्तहेरांची नक्कल करतात. होम्स आणि फादर ब्राउन आपल्याला ओळखू येतात, बाकीचे बहुतेक विस्मरणात गेलेत, त्यामुळे सलग वाचलं तर कंटाळा येतो. रोज एकच कथा घ्या. शेवटची कादंबरी फार सैल आहे. १९६८ च्या ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’वर थांबलात तरी काही बिघडत नाही.

‘द थिन मॅन’ म्हणजे त्यातला गुप्तहेर निक चार्ल्सच ना? (बेळगाव)

नाही. डॅशिएल हॅमेटच्या १९३४ च्या कादंबरीत तो सडपातळ माणूस म्हणजे बेपत्ता झालेला संशोधक वायनंट. त्याच वर्षीचा चित्रपट इतका चालला की पुढच्या पाचही चित्रपटांच्या नावांत ते शब्द राहिले आणि निकला चिकटले.

नाशिकमध्ये एजन्सी चालवणाऱ्या नवरा-बायकोवर दीर्घकथा लिहिते आहे. बायको नुसती ऐकून घेणारी झाली आहे. शिवाय लग्न आधीच झालेलं, मग ओढ कशी टिकवू? (नाशिक)

खोट संवादांत नाही, दुव्यांच्या वाटणीत आहे. कागदावर दोन रकाने पाडा. समजा आठ दुवे आहेत : तीन फक्त तिला मिळू द्या, तीन फक्त त्याला, आणि दोन दोघांच्या डोळ्यांसमोर, पण प्रत्येकाने वेगळा अर्थ लावलेले. तिच्या तिनांवरून एक निरपराध माणूस संशयित ठरावा, त्याच्या तिनांवरून दुसराच. मग एकेक रकाना झाकून पाहा. एक रकाना झाकूनही उलगडा होत असेल, तर त्या पात्राची कथेला गरज नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक प्रसंगानंतर दोघांनी चहावर सगळं एकमेकांना सांगून टाकणं. असं झालं की दोन रकान्यांचा एक होतो. काहीतरी दडवण्याला सबळ कारण द्या, अशिलाला दिलेला शब्द किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाची काळजी. ‘सांगायचं राहूनच गेलं’ हे वाचक मानत नाही.

ओढीसाठी डोरोथी सेयर्सची १९३७ ची ‘बसमन्स हनिमून’ वाचा. मधुचंद्राच्या घरातच तळघरात प्रेत सापडतं. तपासामुळे ओळखीची माणसं दुखावणार म्हणून नववधू हॅरिएट अस्वस्थ होते, पण गुप्तहेर नवऱ्याने, पीटरने, तिच्यासाठी आपलं तत्त्व सोडणंही तिला मंजूर नाही. ताण आहे तो इथे, आणि लग्नाने तो वाढलाच आहे.

कायद्यातही तुमच्यासाठी छान खाद्य आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ नुसार (जुन्या कायद्यात १२२) लग्न टिकून असताना जोडीदाराने सांगितलेली गोष्ट उघड करायला न्यायालय भाग पाडू शकत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय ती सांगूही देत नाही, घटस्फोटानंतरही नाही. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र सांगता येतं. म्हणजे नवरा रात्री ‘कुलूप मी तोडलं’ म्हणाला, तर बायकोची साक्ष अडते. तोडताना तिने पाहिलं असेल तर अडत नाही. दोघांमधलाच दावा असेल किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असेल, तर हे संरक्षण नाही. लग्नाआधी बोललेल्यालाही नाही, तेव्हा लग्नाची तारीख हाच तुमचा नववा दुवा होऊ शकतो.

एक मात्र टाळा : मोबाइल कंपनीतल्या मित्राकडून कॉल डिटेल्स मिळवणं. तो गुन्हा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. तुमच्या जोडीने ते केलंच, तर पुढच्या प्रकरणात पोलीस दारात आले पाहिजेत.